कोयत्याला लागलेला हात

सुमंगला मूळची इब्रामपूरची. तिकडे काजूच्या बागा. काजू खाली पडतो आणि तो वेचायचा असतो, म्हणून तिकडची माणसं खाली बघून चालतात. लग्न होऊन ती पार्से गावात आली आणि तिला मान वर करून बघायची सवय लावून घ्यावी लागली, कारण तिचा नवराच दिवसभर वर असायचा.

सगुण पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. गावात माड सगळ्यांचे, पण वरचं राज्य त्याचं. दुपारी ती पेज घेऊन जायची आणि तो कुठल्या माडावर आहे ते हाकेवरून ओळखायची. तोही लगेच खाली उतरायचा नाही. झावळ्यांत पाय अडकवून तिथूनच गाव वाचून दाखवायचा. कोणाचं कौल फुटलंय, कोणाच्या परसात फणस राखायला म्हातारी बसलीय आणि स्वतःच पेंगतेय, शापोरा नदीत पाणी चढलंय की उतरलंय. आणि शेवटी हटकून एक थाप.

"गो सुमंगल, तुज्या बापायचें घर दिसता! तुजी आवय काजी सुकयता!"

इब्रामपूर किंवा काजू सुकवणारी आई तिथून दिसणं शक्य नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती खालून विचारायची, "कितल्यो काजी?" आणि तो वरून खोटाच हिशेब सांगायचा. नव्या नवरीचं माहेरचं दुखणं असं माडाच्या उंचीवरून बरं होत गेलं.

पाडेल्याचा कोयता कमरेला, पण पाठीमागे असतो. कमरेच्या दोरीत लाकडाची एक आकडी अडकवलेली असते, तिच्यात कोयता लटकतो. चढताना दोन्ही हात मोकळे, मागे हात नेला की मूठ हातात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच सगुण कामाला निघाला असताना त्याचा कोयता तिरका झालेला सुमंगलाला दिसला आणि नीट करायला तिने हात पुढे केला. सासूने तिचं मनगट हवेतच धरलं. कमरेवरच्या कोयत्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लावला, तर त्या पाडेल्याचं पुढचं पडणं हात लावणाऱ्याच्या वाट्याला जातं.

सासवांकडे प्रत्येक नियमाची एक गोष्ट तयार असते, तशी हिच्याकडेही होती. म्हणे, सासूच्या एका दिराने थट्टेत कोणाच्या तरी कमरेचा कोयता ओढला. त्यानंतर तो पाडेली माडावरून निसटला, पण झावळीत अडकून वाचला. आणि थट्टा करणारा त्याच दुपारी आपल्याच अंगणातल्या सोप्यावरून पडून कायमचा लंगडा झाला. सोपा म्हणजे बसायचा दगडी कट्टा, त्यावरून पडून कोणाचं काय होणार? पण झालं. सुमंगलाने गोष्ट ऐकली, हात मागे घेतला आणि पुन्हा कधी पुढे केला नाही. भिंतीवर खुंटीला टांगलेल्या कोयत्याला नियम नव्हता, तो ती पुसायची, तेल लावायची. कमरेवर चढला की तो तिच्यापुरता विस्तव.

गोवा घटक राज्य झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याआधीची दीड-दोन वर्षं गावात कोकणी की मराठी यावरून एवढी भांडणं झाली होती, की सख्खे शेजारी एकमेकांकडे विरजण मागायला जाईनासे झाले होते. सगुणला दोन्ही बाजूंचे माड सारखेच. कोकणीवाल्याचा नारळ आणि मराठीवाल्याचा नारळ फोडल्यावर आतून सारखाच पांढरा, असं तो म्हणायचा आणि दोघांकडून शिव्या खायचा.

त्या दिवशी तो माडाच्या शेंड्यावरून पडला असता तर निदान पाडेल्याला शोभलं तरी असतं. तो जवळजवळ खाली पोहोचला होता. जमीन हाताच्या अंतरावर आली आणि सवयीने त्याने पाय सोडला. म्हातारे पाडेली सांगतात, माड वर असताना दगा देत नाही, आपण उतरलो असं वाटतं तेव्हा देतो. तो मागच्या मागे बांधाच्या चिऱ्यांवर बसला. कोयत्याची मूठ चिऱ्यावर आपटली आणि पात्याचं टोक खालून वर, बरगड्या संपतात तिथे, कण्याला लागून आत घुसलं.

सुमंगला पेज घेऊन पोहोचली तेव्हा तो पालथा पडला होता आणि लोक गोलाने उभे होते. पाठीत कोयता उभा होता. रक्त फार नव्हतं, तेच जास्त भयंकर वाटत होतं. सगुणचे डोळे उघडे होते. उजवा पाय कुठे गेला, असं तो विचारत होता. पाय तिथेच होता.

"काड रे तो कोयतो," कोणी तरी म्हणालं.

"तूंच काड."

कोणीच काढेना. विठू टेंपोवाला पुढे झाला, त्याचा हात मुठीपासून वीतभर अंतरावर गेला आणि तिथेच थांबला. कोयता अजून आकडीत होता, आकडी कमरेला होती. नियम सगळ्यांना पाठ. कोणी हळद आणायला धावलं, कोणी देवाला सांगणं केलं, पण कोयत्याला हात कोणी लावला नाही. शेवटी विठूने आपल्या घराचं मागचं दार बिजागऱ्यांतून काढलं. त्या दारावर सगुणला तसाच पालथा, तसाच सरळ उचलून ठेवला आणि नारळ वाहायच्या टेंपोत चढवला.

सुमंगला त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. पुढचं सगळं तिला कायम एखाद्या स्वप्नासारखं आठवत राहिलं, खूप उजेड असलेलं आणि आवाज नसलेलं. रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला कोयता हलायचा आणि सगुणच्या तोंडून जो आवाज यायचा तो माणसाचा नव्हता. आधी तिने पदराचा बोळा करून पात्याच्या दोन्ही बाजूंनी लावला. तो घामाने आणि रक्ताने भिजून सरकला. दुसरा पदर कुठून आणायचा? म्हापशाच्या अलीकडे एका मोठ्या खड्ड्यात कोयता वाकडा व्हायला लागला, तेव्हा तिने उघड्या हाताने मूठ धरली.

आपण काय करतोय हे तिला नीट माहीत होतं. ती घाबरून धरून बसली, भान नव्हतं म्हणून धरून बसली, असं काही नव्हतं. तिला सासूची गोष्ट आठवली, तो सोपा आठवला, शेजाऱ्यांकडे ठेवलेली लहानगी लेक सिद्धी आठवली. मग तिने मूठ आणखी घट्ट धरली. कोयता हलायचा थांबला. सगुणचा आवाज थांबला. मुठीतून तिच्या तळव्याला एक बारीक ठोका लागत होता, येऊन जाणारा. त्याचा श्वास होता तो. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्याच्या इतकी जवळ कधी आली नव्हती.

मांडवीवरचा पूल आदल्या पावसाळ्यात पडला होता, म्हणून टेंपो फेरीबोटीत चढला. बोटीवर पताका लावल्या होत्या. राज्य झालं होतं ना! लोक पेढे वाटत होते. टेंपोत डोकावून एकाने तिच्या डाव्या हातावर पेढा ठेवला, मग त्याची नजर उजव्या हाताकडे गेली आणि तो मागे सरला. पाण्यावर ऊन एवढं होतं की पणजी दिसतच नव्हती. बोट पुढे जातेय की नदीच मागे सरकतेय, ते कळत नव्हतं. एका हातात नवऱ्याचा प्राण आणि दुसऱ्या हातात पेढा, अशी सुमंगला गोवा राज्यात शिरली. पेढा तिने खाल्ला नाही, टाकलाही नाही. तो मुठीत विरघळला.

मोठ्या इस्पितळात गोकुळदास नावाचे डॉक्टर होते. त्यांनी बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "कोयता काढू नका हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

विठूने जमिनीकडे पाहिलं. सुमंगलाने विठूकडे.

"शाबास," डॉक्टर म्हणाले. "लोक हमखास ओढून काढतात. ओढताना पातं फिरतं आणि आतली उरलेली नस कापली जाते. रक्ताला अडवून धरलेलं असतं तेही सुटतं. तुमच्या गावात शहाणी माणसं आहेत."

विठूने हे सर्टिफिकेट पुढे गावभर मिरवलं. भीतीपोटी गप्प राहिलेल्यांना शहाणपणाचा मान मिळायची ही काही पहिली वेळ नव्हती.

मग डॉक्टरांनी हात पुढे केला. "बाई, आता सोडा. आता मी धरतो." तिची बोटं उघडेनात. त्यांनी एकेक बोट सोडवलं. डॉक्टरांच्या हातात रबरी मोजे होते हे तिने तेवढ्यातही बघून घेतलं आणि तिला हायसं वाटलं. सासूच्या नियमात रबराबद्दल काही नव्हतं, पण उघड्या कातडीशिवाय तो लागू होऊ नये, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. उगाच दुसऱ्याच्या लेकराला कशाला!

एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा पात्याचं टोक कण्याच्या हाडात घुसून आतल्या मज्जातंतूंच्या दोरीच्या उजव्या अंगाला टेकलेलं दिसलं. डॉक्टरांनी पाठ उघडली, पात्याच्या भोवतीचं हाड हळूहळू कोरून मोकळं केलं आणि कोयता ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने, जराही न फिरवता, बाहेर घेतला. जखम धुतली, दोरीवरचं पातळ आवरण शिवलं, म्हणजे आतलं पाणी झिरपून ताप चढू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन, जंतूंवरची औषधं, लघवीला नळी. सुमंगला बाहेरच्या बाकावर बसून आपला उजवा तळवा बघत होती. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

सुलोचना नावाची नर्स होती, वाळपईकडची, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. तिने सुमंगलाला सगुणला कुशीवर वळवायला शिकवलं. डोकं, पाठ, कंबर सगळं एका वेळी, ओंडका फिरवतात तसं. कणा मध्येच वळता कामा नये. नाही वळवलं तर एका जागी पडून कातडी सडते. सुमंगला, सुलोचना आणि वॉर्डमधली बाई, तिघी मिळून त्याला वळवायच्या. सगुण म्हणायचा, "माडाचो ओंडो जालों गो हांव." आणि सुलोचना त्याला गप्प करायची, "ओंडो बोलना. वगी राव."

त्याचे दोन पाय आता दोन स्वभावांचे झाले होते. डॉक्टर टाचणी टोचायचे, थंड पाण्याची नळी लावायचे आणि डोळे मिटून सांग म्हणायचे. उजव्या पायाला टोचलेलं, गार, गरम सगळं कळायचं, पण तो हलायचा नाही. डावा पाय सांगितलं ते सगळं करायचा, पण टाचणी टोचली काय नि पाणी ओतलं काय, त्याला पत्ताच नसायचा. "एकाक अक्कल आसा, एकाक बळ," सगुण म्हणाला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, दोरी अर्धीच कापलीय, अर्धी वाचलीय, अशा माणसांचा पाय बऱ्याचदा परत येतो. घाई करू नका.

आणि पाय परत आला. पावसाळा संपता संपता उजव्या पायाचा अंगठा हलला. त्या दिवशी सुमंगला इतकी रडली, की सुलोचनाने तिला व्हरांड्यात नेऊन बसवलं. दिवाळीला सगुण कठड्याला धरून उभा राहिला. घरी आला तेव्हा काठी होती. पुढच्या काजूच्या हंगामात काठी गेली, नुसतं थोडं ओढत चालणं उरलं. गावातले म्हणायचे, राज्याला आणि सगुणला एकदमच पाय फुटले.

इस्पितळाने कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला होता. सुमंगलाने तो धुतला, तेल लावलं आणि आकडीसकट खुंटीला टांगला. तो तिथेच राहिला.

सगुण माडावर चढला नाही. पुन्हा तपासून घ्यायला दोघं गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "माझी आता हरकत नाही, जपून चढ. भीती असली तर ती तुझी तू बघ." तो मान डोलावून आला आणि चढला नाही. झावळ्या विणायचा, त्यांच्या मधल्या काड्यांचे, हिरांचे झाडू बांधायचा, लोखंडी सुळावर दुसऱ्यांनी पाडलेले नारळ सोलायचा. सुमंगला ते झाडू घेऊन पेडण्याच्या बाजारात बसायची. पोट चाललं. पण लोकांना पोटाशी काय करायचंय? तिठ्यावर त्याला "जमनीवयलो पाडेली" म्हणायला लागले. घाबरला म्हणाले. तोही त्यांच्यात हसायचा. मात्र कधीकधी ती विहिरीवरून बघायची, तर तो घराशेजारच्या माडाजवळ उभा असायचा. बुंध्याला तळवा लावायचा, वर बघायचा आणि परत फिरायचा.

त्या एका माडावर त्याने दुसऱ्या पाडेल्यालाही चढू दिलं नाही. त्याचे नारळ पिकून आपोआप पडायचे. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना कधीतरी धप्प असा आवाज व्हायचा, आणि तो आवाज सुमंगलाच्या झोपेत शिरायचा.

कारण तिला दुपारी स्वप्न पडायचं, नेहमी तेच. स्वप्नात ती माडावर चढत असायची. जन्मात कधी चढली नव्हती, पण पायांना सगळ्या खाचा ठाऊक असायच्या. वर वारा असायचा आणि खरंच इब्रामपूर दिसायचं. अंगणात आई काजू सुकवत असायची आणि मान वर करून, डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघायची. मग माड हळूहळू वाकायला लागायचा, घाई नाही, राग नाही, आणि ती सुटायची. खाली जमीन नसायचीच, नुसतं ऊन, मांडवीच्या पाण्यावरचं. पडत असताना तिला भीती वाटायची नाही. वाटायचं ते एवढंच, की चला, आलं एकदाचं. मग धप्प, आणि ती जागी. उजवा तळवा गार पडलेला.

ती जागेपणीही वाट बघत होती. ते पडणं कधी येणार, कुठून येणार? विहिरीच्या पायऱ्या ती कडेला हात धरून उतरायची. स्टुलावर कधी चढायची नाही, माळ्यावरची वस्तू काठीने ओढायची. मरणाचं तिला फारसं वाटत नव्हतं, पण सिद्धी शाळेत जात होती आणि संध्याकाळी सगुणच्या डाव्या पायाला कोणी तरी बघायला हवं होतं. तो पाय उन्हाने तापलेल्या चिऱ्यावर तसाच उभा राहायचा, काटा मोडला तरी चालत राहायचा. सुलोचनाने बजावलं होतं, रोज तळवा बघायचा, नाहीतर लहानशी जखम पाय घेऊन जाईल. ती रोज दिव्याच्या आधी तो पाय मांडीवर घ्यायची, काटा काढायची, तेल लावायची. सगुण तिच्याकडे बघत बसायचा. आपण कोयत्याला हात लावला होता, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. बिचारा आधीच अर्धा झालाय, बायकोचं पडणं कशाला त्याच्या डोक्यावर? विठूने इस्पितळात तिची मूठ बघितली होती, पण तोही कोणाला बोलला नव्हता. पण एक शंका तिला खात राहिली. आपला हात लागला म्हणून तर कोयत्याने त्याची संगत सोडली नाही ना? वरून येणारी ती हाक गेली, ती आपल्याच हाताने गेली का? त्या हाकेशिवाय तिचं घर तिला फार बसकं वाटायचं.

वर्षं अशीच गेली. सिद्धी म्हापशाला कॉलेजात जायला लागली.

मग एका चवथीला ते झालं. चवथ म्हणजे गणपती, आणि गणपती म्हणजे माटोळी. मूर्तीच्या वर छताला लाकडी चौकट बांधतात आणि तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, काकड्या असं काय काय लटकवतात. या घरात माटोळी दरवर्षी विठू बांधायचा. पाडेल्याच्या घरात स्टुलावर चढायला शेजारी बोलवावा लागतो, म्हणून विठूने चेष्टाही भरपूर करून घेतली होती. त्या वर्षी विठूच्या घरी सुतक आलं. चवथीच्या आदल्या दिवशी ऊन छान पडलं होतं, खाली सगळा पसारा मांडलेला, आणि वर चौकट रिकामी. सगुण परसात नारळ सोलत होता. बराच वेळ सुमंगला चौकटीकडे बघत राहिली. देवाचं काम आहे, देव बघून घेईल, असं म्हणून तिने स्टूल ओढलं आणि चढली.

काकड्या बांधल्या, सुपारी बांधली. केळ्यांच्या घडाला हात वर केला आणि स्टुलाचा एक पाय शेणाने सारवलेल्या जमिनीत खचला. ती पडली.

पडताना तिला ते ओळखीचं वाटलं. तेच ऊन, तीच सावकाशी. मग ती जमिनीवर होती, अंगाखाली तोरिंगं, आंबाडे अशी माटोळीची फळं चेंगरलेली, केळ्यांचा घड छातीवर, घोटा दुखत होता. तिने हात हलवले. पाय हलवले. सगळं हललं. आणि तिला हसू फुटलं. एवढंसं! इतकी वर्षं ज्याला भिऊन जगले ते हे एवढंसं पडणं!

आवाज ऐकून सगुण धावत आला. धावत म्हणजे उजवा पाय ओढत, दाराला धडकत. त्याचा चेहरा पांढराफटक होता. बांधावर पालथा पडला होता तेव्हाही इतका नव्हता.

"हालूं नाका! पाठ हालयनाका! सिद्धी खंय? विठूक आपय!"

"कांयच जांवक ना माका," ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पडलें हांव. आयकतात न्हय? पडलें, आनी जालें. सोंपलें."

"कितें सोंपलें?"

मग तिने सांगितलं. टेंपो, पदर, खड्डा, उघडा हात. त्याच्या कोयत्याला आपण हात लावला होता आणि त्याचं पुढचं पडणं आपल्या अंगावर घेतलं होतं, ते आज फिटलं. सगुण तिच्या बाजूला खाली बसला. त्याने केळ्यांचा घड तिच्या छातीवरून उचलून बाजूला ठेवला.

"माका खबर आसा," तो म्हणाला.

"तुमकां कशी खबर?"

"कोयतो हालचो बंद जालो न्हय? माज्या पाठींत आशिल्लो. कोणाचो हात तें माका कळचें ना?"

ती उठून बसली. बाहेर कोंबडी ओरडत होती.

"मागीर सांगलें ना कित्याक?"

"सांगलें जाल्यार तूं भियेली आसती."

"आनी माडार चडलात ना..."

सगुण तिच्या घोट्याकडे बघत म्हणाला, "फुडलें पडप तुजें. तुजें पडप कमराक बांदून हांव माडार कसो चडूं?"

सुमंगलाला त्याच्याकडे बघवेना. कोण कोणाला इतकी वर्षं धरून बसलं होतं! माडाच्या बुंध्याला तळवा लावून परत फिरणारा हा माणूस तिने विहिरीवरून कितीदा पाहिला होता आणि तिला काही म्हणून कळलं नव्हतं. तिने त्याचा डावा पाय ओढून मांडीवर घेतला, संध्याकाळ नव्हती तरी. धावताना त्यात दाराचा खिळा लागला होता, आणि त्याला ठाऊकच नव्हतं.

जखम धुऊन बांधून झाल्यावर तो माटोळीकडे बघत म्हणाला, "पेंड ना."

माटोळीला नारळाची पेंड म्हणजे घोस लागतो, देठासकट कापलेला. आपोआप पडलेला नारळ चालत नाही. दरवर्षी ती बाजारातून यायची, यंदा राहून गेली होती. सगुण उठला, खुंटीवरून आकडी काढली, कोयता तिच्यात अडकवला आणि दोरी कमरेला बांधली. सुमंगलाने नको म्हटलं नाही.

घराजवळचा माड फार उंच नव्हता, छपरावरून जरा पुढे गेलेला. बुंधा पावसाने काळा पडला होता, पण उन्हात वाळला होता. तो लंगडत बुंध्याशी गेला. डावा पाय खाचेत गेला, त्याला बांधलेली जखम कळत नव्हती. उजवा सावकाश मागून आला. तो चढायला लागला, जुन्या सवयीने नाही, प्रत्येक खाच पुन्हा ओळखून घेत. कमरेमागे कोयता लटकत होता, आणि त्याच्या वर पाठीवर ती जुनी खूण दिसत होती. सुमंगला लंगडत माडाखाली आली. कोयता तिच्या हाताच्या पलीकडे गेला. मग सगुणचे पाय गेले. मग तो झावळ्यांत शिरला आणि दिसेनासा झाला.

वर काहीच हालचाल नव्हती.

"गो सुमंगल," आवाज आला. किती वर्षांनी त्या बाजूने आला. "विठूच्या घराचें कौल फुटलां. ताका सांगूंक जाय."

"आनी?" ती म्हणाली.

"शापोराक उदक चडलां." मग जरा थांबून, "तुजी आवय काजी सुकयता."

पावसाळ्यात काजू कोण सुकवतं? आणि आई जाऊन तर वर्षं झाली होती. सुमंगलाने कपाळ माडाला टेकवलं. "कितल्यो?" तिने विचारलं, आणि त्याने वरून खोटा हिशेब सांगितला.

कोयता पेंडीच्या देठावर लागल्याचा आवाज झाला. "कुशीक सर," तो म्हणाला, "पेंड सोडटां."

ती सरली नाही. तिने दोन्ही तळवे बुंध्याला लावले होते आणि माड हलू नये म्हणून सगळ्या ताकदीने तो धरून ठेवला होता.

"अगो, सर न्हय कुशीक! माथ्यार पडटली!"

"सरचें ना. तुमी सकयल येयसर हांव सोडचें ना."

आपण खाली येईपर्यंत ती बुंधा सोडणार नाही हे कळून वर तो हसला. मग त्याने कमरेची जास्तीची दोरी सोडली, पेंडीला बांधली आणि हळूहळू तिच्या बाजूने खाली सोडली. पेंड जमिनीला टेकली. सुमंगलाने तिच्याकडे बघितलंही नाही.